रुग्णालयाचे बांधकाम का लांबले, का महागले: विश्लेषण करण्याची रीत

रुग्णालय-प्रकल्पांचे जे विश्लेषण-अहवाल तपासण्यासाठी येतात, त्यांतील बहुतेकांच्या शेवटच्या पानावर एकच वाक्य थोड्याफार फरकाने असते: 'ठेकेदाराची दिरंगाई, मजुरांचा तुटवडा आणि पावसाळा यांमुळे प्रकल्पास १४ महिने विलंब झाला.' हे वाक्य शाळा, गोदाम किंवा निवासी इमारत यांपैकी कशाच्याही अहवालात जसेच्या तसे चालते, म्हणजेच त्यात रुग्णालयाचे विश्लेषण नाही. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, विश्वस्त मंडळाने नेमलेल्या समित्या आणि सल्लागार संस्थांतील नवे अभियंते यांच्याकडून ही चूक वारंवार होते, कारण ते कामाची सुरुवात साइटवरून आणि बार चार्टवरून (कामांच्या वेळापत्रकाच्या आलेखावरून) करतात. रुग्णालय वेळेत उभे राहिले की नाही, याचे उत्तर मात्र बहुधा बैठकींच्या इतिवृत्तांत आणि नकाशांच्या रद्द झालेल्या आवृत्त्यांत सापडते.

पुढील रीत महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या ठिकाणचे, तळमजला अधिक ४ मजल्यांचे, सुमारे १०० खाटांचे रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. मोठ्या प्रकल्पाला तीच लागू पडते, फक्त कागद वाढतात.

## पूर्वतयारी: कागद आधी, साइट नंतर

साइटवर जाण्यापूर्वी पुढील कागद हाती असले पाहिजेत:

- निविदा, करारनामा, मूळ मंजूर अंदाजपत्रक आणि प्रत्येक सुधारित अंदाजपत्रक
- वास्तुविशारदाच्या, आर.सी.सी. (लोखंडी सळयांच्या काँक्रीटच्या सांगाड्याच्या) सल्लागाराच्या आणि सेवा-सल्लागाराच्या (वीज, पाणी, वातानुकूलन, वायू यांच्या) नकाशांच्या सर्व आवृत्त्या, रद्द केलेल्यांसह
- मूळ कामाचा कार्यक्रम आणि मुदतवाढीसोबत जोडलेले सुधारित कार्यक्रम
- साइट ऑर्डर बुक, अडथळा नोंदवही (काम कशामुळे अडले याची नोंद), बैठकींची इतिवृत्ते
- रनिंग बिले (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेली), मोजमाप पुस्तक, वाढीव बाबींचे दर-विश्लेषण
- परवानग्यांचे अर्ज आणि मंजुरीपत्रे
- वैद्यकीय यंत्रांचे खरेदी-आदेश आणि पुरवठादाराने दिलेले जागा-तयारीचे नकाशे

यांपैकी शेवटचा कागद सहसा कोणी मागत नाही, कारण तो 'बांधकामाचा' समजला जात नाही. तो हट्टाने मिळवावा.

त्यानंतर एक कट-ऑफ तारीख, म्हणजे सर्व आकडे जिथपर्यंतचे घ्यायचे ती तारीख, ठरवावी. खर्च मार्चअखेरचा, प्रगती मेअखेरची आणि छायाचित्रे जुलैची असा अहवाल कितीही देखणा असला तरी त्यातील एकाही आकड्याची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही.

सावधान: केवळ 'अद्ययावत' नकाशांचा संच स्वीकारू नये. काय बदलले, कधी बदलले आणि कोणी बदलायला सांगितले, हे फक्त जुन्या आवृत्त्याच सांगतात. एखादी आवृत्ती मिळत नसेल तर 'उपलब्ध नाही' अशी नोंद करावी आणि स्मरणावर विसंबून ती जागा भरू नये.

## टप्पा १: कोणते रुग्णालय बांधायचे ठरले होते?

विलंब आणि वाढीव खर्च मोजायचा तो कशाच्या तुलनेत, हे आधी निश्चित झाले पाहिजे. मूळ गरजपत्रकात (रुग्णालयात काय काय हवे याच्या यादीत) किती खाटा, किती शस्त्रक्रियागृहे, अतिदक्षता विभागात किती जागा, सीटी स्कॅन आणि एमआरआय होते की नव्हते, डायलिसिस कोणत्या मजल्यावर होते, हे एका तक्त्यात मांडावे. शेजारच्या स्तंभात प्रत्यक्ष बांधलेले मांडावे आणि फरकासमोर बदलाची तारीख लिहावी.

६० खाटांचे गरजपत्रक काम चालू असताना १०० खाटांचे झाले असेल, तर 'खर्च ४० टक्क्यांनी वाढला' हे विधान व्यवस्थापनाविषयी काहीच सांगत नाही. व्याप्तीतील वाढ वेगळी काढल्यानंतर जो फरक उरतो, तोच विश्लेषणाचा विषय होय.

तपासणी: गरजपत्रकावर डॉक्टर, परिचारिका प्रमुख आणि अभियंता या तिघांच्या सह्या आहेत का? केवळ विश्वस्तांची आणि वास्तुविशारदाची सही असेल, तर पुढे बदल निघणार हे गृहीत धरून ते शोधावेत.

## टप्पा २: परवानग्यांची साखळी मांडणे

परवानग्यांची यादी देणे पुरेसे नसते. कोणती परवानगी कोणते काम अडवते, हे दाखवावे लागते. मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागात बांधकाम-परवानगी डिसेंबर २०२० पासूनच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मिळते. अग्निशमन विभागाची मंजुरी सुरुवातीला तात्पुरती आणि काम संपल्यावर अंतिम अशी दोनदा येते. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्र असलेल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. १०० खाटांच्या रुग्णालयाचा तेवढा पसारा सहसा नसतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, विद्युत निरीक्षकाची तपासणी, उद्वाहनाचा परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि खासगी रुग्णालय असेल तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नोंदणी, हे सारे त्यापुढे येते.

दोन परवानग्या रुग्णालयाच्या खास आहेत आणि त्यांतच बहुतेकांचा क्रम चुकतो. किरणोपचाराचे यंत्र बसणार असेल, तर त्याच्या जाड काँक्रीटच्या खोलीच्या आराखड्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता बांधकाम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. एक्स-रे आणि सीटीसाठी यंत्र चालू करण्यापूर्वी त्याच मंडळाचा परवाना लागतो. द्रवरूप ऑक्सिजनची मोठी टाकी उभारायची असेल, तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटके व दाबाखालील वायूंच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेची मंजुरी आणि परवाना लागतो, आणि सुरक्षित अंतरे पाळून टाकीची जागा ठरवावी लागते. वाहनतळाची आखणी आटोपल्यावर उरलेल्या कोपऱ्यात टाकी बसवणारे नकाशे मी पाहिले आहेत. तेथे टँकर वळायलाही जागा नव्हती.

सावधान: परवानगीला १२० दिवस लागले, एवढेच लिहू नये. त्रुटीपत्र कधी आले आणि त्रुटीची पूर्तता कधी केली, या तारखा पाहाव्यात. कार्यालयाच्या नावावर घातलेल्या दिवसांपैकी कित्येक दिवस आपल्याच टेबलावर गेलेले आढळतात.

## टप्पा ३: कार्यक्रम उलटा वाचणे

निवासी इमारतीत शेवटचा स्लॅब पडला की निम्मी चिंता मिटते. रुग्णालयात ती तेव्हा सुरू होते. म्हणून कार्यक्रम पायाखोदाईपासून वाचण्याऐवजी पहिला रुग्ण दाखल होण्याच्या दिवसापासून मागे वाचावा.

शस्त्रक्रियागृहाचे उदाहरण घेऊ. पहिली शस्त्रक्रिया होण्यापूर्वी जंतुतपासणीचे अहवाल स्वच्छ यावे लागतात. त्याआधी हवेचा दाब, हवाबदल (खोलीतील हवा तासाला किती वेळा बदलते) आणि हेपा गाळण्या (हवेतील अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) यांची चाचणी पूर्ण व्हावी लागते. त्याआधी वातानुकूलन यंत्रणा सलग चालवून पाहावी लागते आणि त्यासाठी छत, भिंती व दारे यांचे सांधे बंद झालेले असावे लागतात. ती यंत्रणा सलग चालवायला कायमस्वरूपी उच्चदाब वीजजोड हवा. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडावर ते भागत नाही. त्या जोडासाठी ट्रान्सफॉर्मर बसलेला आणि विद्युत निरीक्षकाने तपासलेला हवा आणि ट्रान्सफॉर्मरच्या मागणीपत्रासाठी एकूण वीजभार ठरलेला हवा. वीजभार ठरवायचा तर कोणती यंत्रे घ्यायची हे ठरलेले हवे. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेची तारीख शेवटी यंत्र-खरेदीच्या निर्णयाशी बांधलेली निघते आणि बार चार्टवर ती रेघ बहुधा काढलेलीच नसते.

अशाच उलट्या साखळ्या अतिदक्षता विभाग, क्ष-किरण विभाग आणि केंद्रीय निर्जंतुकीकरण विभाग यांसाठी मांडाव्यात. चार साखळ्या पुरे होतात. सगळ्या खोल्यांसाठी हे करत बसण्याची गरज नाही. मग मूळ कार्यक्रमातील तारखांसमोर प्रत्यक्ष तारखा लिहून कोणत्या दुव्यावर किती दिवस गेले, ते काढावे.

सावधान: एकाच काळात दोन विलंब चालू असतील तर दिवसांची बेरीज करू नये. जुलैत पावसाने बाहेरचा गिलावा थांबला आणि त्याच वेळी आतील डक्टचा (वातानुकूलनाच्या हवेच्या नळाचा) नकाशा अंतिम झाला नव्हता, तर दोन्ही नोंदवावेत. पण प्रकल्पाची अंतिम तारीख त्यांपैकी कोणामुळे ढकलली गेली, ते साखळीवरूनच ठरवावे. पावसाळा दरवर्षी येतो, तेव्हा मूळ कार्यक्रमात त्याला जागा ठेवली होती का, हेही पाहावे.

## टप्पा ४: निर्णयांच्या चार तारखा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. माझ्या मते निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल. एक तक्ता करावा आणि प्रत्येक मोठ्या निर्णयासमोर चार तारखा लिहाव्यात: निर्णय केव्हा लागणार होता, तो लेखी केव्हा मागितला गेला, केव्हा झाला आणि नकाशाच्या रूपाने साइटवर केव्हा पोहोचला.

पहिल्या आणि दुसऱ्या तारखेतील अंतर सल्लागाराचे किंवा ठेकेदाराचे, दुसऱ्या आणि तिसऱ्यातील मालकाचे, तिसऱ्या आणि चौथ्यातील पुन्हा सल्लागाराचे. एवढी साधी विभागणी केली तरी 'ठेकेदाराची दिरंगाई' या शीर्षकाखालची अर्धीअधिक नोंद दुसरीकडे सरकते.

एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाचा अहवाल तयार करताना हे फार स्पष्ट दिसले. समितीच्या मसुद्यात 'क्ष-किरण विभागाचे काम ठेकेदाराने ७ महिने रखडवले' असे होते. तारखा मांडल्यावर कळले, की एमआरआय घ्यायचा निर्णयच तळमजल्यावरचा स्लॅब पडून गिलावा झाल्यावर झाला होता. दीड टेस्ला क्षमतेचे चुंबक साधारण ४ ते ६ टन वजनाचे असते. त्याच्या वाटेवरील जमीन तेवढा भार पेलेल का, याचे गणित नव्याने करावे लागले. चुंबक आत नेण्यासाठी बाहेरची भिंत फोडावी लागली. आपत्कालीन स्थितीत हेलियम वायू बाहेर सोडणारी नळी नकाशानुसार वरच्या मजल्यावरील स्वच्छतागृहातून जात होती, ती वळवण्यात आणखी आठवडे गेले. ठेकेदाराकडे या काळात कामासाठी नकाशाच नव्हता. त्याने तसे अडथळा नोंदवहीत दोनदा लिहून ठेवले होते. समितीतील कोणी ती उघडली नव्हती.

तपासणी: तक्त्यात निदान या बाबी आल्या आहेत का? मोठ्या यंत्रांची निवड, वातानुकूलनाची पद्धत, वैद्यकीय वायूंचा स्रोत, जनरेटर आणि यूपीएसची क्षमता, शस्त्रक्रियागृहाच्या भिंतींचा प्रकार, निर्जंतुकीकरणाची यंत्रे.

## टप्पा ५: खोलीनिहाय निकष जुळवणे

प्रत्येक महत्त्वाच्या खोलीचे माहितीपत्रक असते किंवा असावे. तापमान, ताशी हवाबदल, दाब धन (शेजारच्या जागेपेक्षा जास्त) की ऋण (कमी), वायूंचे आउटलेट किती, वीज-पॉइंट किती आणि त्यांपैकी यूपीएसवर किती, हे त्यात लिहिलेले असते. विश्लेषकाने हे पत्रक, सेवा-नकाशा, निविदेतील बाब आणि प्रत्यक्ष चाचणीचा आकडा या चार ठिकाणची माहिती एका ओळीत मांडावी. शस्त्रक्रियागृहासाठी एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे ताशी किमान २० हवाबदल, त्यांपैकी ४ ताज्या हवेचे, आणि शेजारच्या जागेच्या तुलनेत धन दाब मागतात. चारही ठिकाणी हाच आकडा आहे का, एवढेच पाहायचे असते.

हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून वगळले जाते. ते वगळल्याने काय होते, याचे नोंदवलेले उदाहरण स्कॉटलंडमधील एडिनबरा येथील लहान मुलांच्या नव्या रुग्णालयाचे आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये इमारत ताब्यात आली, ९ जुलैला रुग्ण हलवायचे होते आणि ४ जुलैला स्थलांतर थांबवावे लागले, कारण अतिदक्षता विभागात ताशी १० हवाबदल हवे असताना यंत्रणा ४ साठी बांधली गेली होती. चुकीचा आकडा २०१२ साली तयार झालेल्या, खोल्यांतील हवेच्या निकषांच्या तक्त्यात होता आणि पुढच्या सर्व टप्प्यांत तोच उतरत गेला. दरम्यान रिकाम्या इमारतीपोटी महिन्याला सुमारे १४ लाख पौंड द्यावे लागत होते. रुग्णालय पूर्णपणे सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला. बांधकाम तक्त्याप्रमाणेच झाले होते, म्हणून 'नकाशाप्रमाणे काम' एवढ्या तपासणीत ही चूक कधीच सापडली नसती.

सावधान: चाचणी-अहवालात फक्त 'समाधानकारक' असे लिहिले असेल तर तो अहवाल नाही असे समजावे. आकडा, उपकरणाचे नाव आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख हवी.

## टप्पा ६: झाकल्या गेलेल्या कामाची गुणवत्ता

गिलावा आणि रंग सर्वांनाच दिसतो. विश्लेषकाने झाकलेले काम पाहावे आणि ते कागदावरूनच पाहता येते.

काँक्रीटसाठी आय.एस. ४५६ या भारतीय मानकानुसार चाचणीच्या ठोकळ्यांची संख्या मोजावी. १२० घनमीटरच्या स्लॅबला पहिल्या ५० घनमीटरपर्यंत ४ नमुने आणि उरलेल्या ७० घनमीटरसाठी आणखी २ असे ६ नमुने, म्हणजे प्रत्येक नमुन्याचे ३ याप्रमाणे २८ दिवसांच्या चाचणीचे १८ ठोकळे लागतात. नोंदवहीत ६ ठोकळेच असतील तर निकाल कितीही चांगले असोत, नमुने अपुरे आहेत. उलट, सगळ्या ठोकळ्यांचे बळ दशांशापर्यंत सारखे दिसत असेल, तर ते निकाल जास्त काळजीपूर्वक पाहावेत. खऱ्या काँक्रीटमध्ये थोडा चढ-उतार असतोच.

वैद्यकीय वायूंच्या तांब्याच्या नळ्या जोडताना आतून नायट्रोजन वाहता ठेवावा लागतो, नाहीतर आत काजळीसारखा ऑक्साइडचा थर धरतो आणि पुढे तो व्हॉल्व्हमध्ये अडकतो. त्यासाठी वापरलेल्या नायट्रोजन सिलिंडरांची नोंद आहे का, हे विचारावे. दाबचाचणीबरोबरच प्रत्येक आउटलेटवर नेमका कोणता वायू येतो, याची स्वतंत्र चाचणी झालेली असावी. मुख्य स्रोत बंद पडल्यास राखीव सिलिंडर-मॅनिफोल्ड (एकत्र जोडलेल्या सिलिंडरांचा संच) आपोआप चालू होतो का, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याची नोंदही हवी. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीच्या गळतीमुळे प्राणवायूचा पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर ही चाचणी 'पुढे करू' या यादीत ठेवण्याला कोणतेही समर्थन उरलेले नाही.

## टप्पा ७: खर्चाचे विश्लेषण, पण विभागून

रनिंग बिलांची बेरीज म्हणजे प्रगती नव्हे. झालेल्या कामाचे अंदाजपत्रकी मूल्य काढून त्याची नियोजित मूल्याशी आणि प्रत्यक्ष खर्चाशी तुलना करावी. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

मंजूर खर्च ६० कोटी रुपये. १४ व्या महिन्याअखेर नियोजित काम ३० कोटींचे, झालेले काम २४ कोटींचे, खर्च २७ कोटी. वेळेचा निर्देशांक २४ भागिले ३०, म्हणजे ०.८०. खर्चाचा निर्देशांक २४ भागिले २७, म्हणजे सुमारे ०.८९. याच गतीने अंतिम खर्च ६० गुणिले २७ भागिले २४, म्हणजे ६७.५ कोटी होईल. बहुतेक अहवाल इथे थांबतात.

आता हेच आकडे स्थापत्य आणि सेवा असे विभागू. स्थापत्याचे अंदाजपत्रक ३४ कोटी. त्यातील १८ कोटींचे काम अपेक्षित, १९ कोटींचे झाले, खर्च २० कोटी. सेवांचे अंदाजपत्रक २६ कोटी. १२ कोटींचे काम अपेक्षित, ५ कोटींचे झाले, खर्च ७ कोटी. स्थापत्य वेळेच्या किंचित पुढेच आहे. सेवा मात्र निम्म्याहूनही मागे आहेत आणि महाग पडत आहेत. दोन्हींचा अंदाज वेगवेगळा काढला तर स्थापत्याचे सुमारे ३५.८ कोटी आणि सेवांचे ३६.४ कोटी, म्हणजे एकूण ७२ कोटींच्या वर जातात. एकत्रित आकड्याने साडेचार कोटींहून अधिक रक्कम लपवली होती.

सावधान: साइटवर आणून ठेवलेल्या मालापोटी दिलेली आगाऊ रक्कम आधी वेगळी काढावी. खोक्यांत पडून असलेली वातानुकूलन यंत्रे म्हणजे झालेले काम नव्हे.

वाढीव बाबी तपासताना प्रत्येक बाब तीनपैकी एका गटात टाकावी: व्याप्ती बदलली, नकाशात राहून गेले, की साइटवर वेगळी परिस्थिती निघाली. दुसरा गट फुगलेला असेल तर सल्लागारांमधील समन्वयाकडे पाहावे.

## टप्पा ८: चालू रुग्णालयाला जोडून काम असेल तर

हा टप्पा सर्वांना लागू नाही. लागू असेल तेथे धूळ अडवणारे पडदे, बांधकामाच्या बाजूस ऋण दाब, मजुरांची वेगळी वाट, तसेच वीज, पाणी किंवा वायू बंद करण्यापूर्वी संबंधित विभागप्रमुखाची लेखी परवानगी या नोंदी पाहाव्यात. बांधकामाच्या धुळीतील बुरशी प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना घातक ठरते, म्हणून या नोंदी नसणे हा प्रशासकीय दोष न मानता थेट रुग्णसुरक्षेचा दोष मानावा.

## टप्पा ९: हस्तांतरणाची तपासणी

भोगवटा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे प्रकल्प संपला, असे धरू नये. पुढील गोष्टी कागदावर आणि प्रत्यक्षात, दोन्ही ठिकाणी पाहाव्यात:

- प्रत्यक्ष बांधकामानुसार दुरुस्त केलेले नकाशे रुग्णालयाच्या देखभाल विभागाच्या ताब्यात आहेत
- जनरेटरची चाचणी पूर्ण भारावर झाली आहे, रिकामी नव्हे
- परिचारिकांना आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना वायूंचे विभागवार व्हॉल्व्ह बंद करता येतात
- २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेचे नमुना अ प्रमाणपत्र (यंत्रणा बसवल्याचे) आहे आणि दर जानेवारी व जुलैमध्ये नमुना ब (ती चालू स्थितीत असल्याचे) देण्याची जबाबदारी कोणाकडे, हे नावानिशी ठरले आहे

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली. त्यामुळे अग्निसुरक्षेच्या रकान्यात 'प्रक्रिया सुरू' असा शेरा आढळल्यास तो विश्लेषणात पहिल्या पानावर घ्यावा, परिशिष्टात नव्हे.

## टप्पा १०: निष्कर्ष लिहिणे

प्रत्येक निष्कर्षात चार गोष्टी असाव्यात: घटना, तारखा, पुरावा असलेला कागद आणि परिणाम. 'समन्वयाचा अभाव होता' असे लिहू नये. त्याऐवजी असे लिहावे: 'वातानुकूलनाच्या डक्टसाठी तुळईत ठेवायच्या स्लीव्हचा (आरपार छिद्राच्या नळीचा) नकाशा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडल्यानंतर २३ दिवसांनी साइटवर आला (इतिवृत्त क्रमांक, पान), त्यामुळे डक्ट तुळईखालून न्यावी लागली, कॉरिडॉरचे फॉल्स सीलिंग खाली आले आणि ते काम दोनदा करावे लागले.'

मसुदा झाल्यावर तो ठेकेदार, सल्लागार आणि मालक या तिघांना वाचायला देऊन ७ दिवसांत लेखी हरकती मागवाव्यात. हरकत तारखेसह आणि कागदासह आली तर निष्कर्ष दुरुस्त करावा. नुसती नाराजी आली तर ती मूळ शब्दांत परिशिष्टात जोडावी आणि निष्कर्ष तसाच ठेवावा.